कार्ड बसवलं, पण ओळखणार कोण?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळी चहाच्या वेळी एका मैत्रिणीनं विचारलं, “तू कम्प्युटरमध्ये नेमकं काय करते वं?” नोकरीला वीस वर्षं झाली, पण घरच्यांनाही मला हे नीट सांगता आलेलं नाही. आज धाडच्या भाषेत सांगून बघते.

सोयाबीनच्या सुगीत आपण ट्रॅक्टरला मळणीयंत्र जोडतो. कम्प्युटरमध्येही मुख्य प्रोसेसरच्या जोडीला, एखादं जड काम उरकायला, वेगळं कार्ड बसवतात. त्याला को-प्रोसेसर म्हणतात. पण कार्ड स्लॉटमध्ये खोचलं की झालं, असं नसतं. मशीन सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीम विचारते, “तू कोण?” कार्ड आपल्या कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक सांगतं. त्या क्रमांकाचा ड्रायव्हर, म्हणजे त्या कार्डाशी बोलणारं सॉफ्टवेअर, सापडला तर कार्डाला मेमरीत जागा मिळते, काम मिळतं. नाही सापडला, तर महागडं कार्डही नुसतं बसून राहतं. असे ड्रायव्हर लिहिणं आणि सांभाळणं, हे माझं काम.

आपण शाळेत होतो तेव्हा डॉसला मराठी अक्षर ठाऊक नव्हतं. पुण्याच्या सी-डॅकचं ‘जिस्ट’ कार्ड बसवलं की त्याच डॉसवर देवनागरी दिसे. अक्षरं जुळवण्याचं काम कार्ड करी, डॉसला त्याचा पत्ताही नसे. पुढे विंडोज २००० सारख्या सिस्टीम स्वतःच मराठी लिहू लागल्या आणि त्या कार्डाची गरज संपली.

त्याच सी-डॅकनं २०१३ मध्ये ‘परम युवा-२’ हा महासंगणक उभा केला. त्यात इंटेलची ‘झिऑन फाय’ कार्डं होती. या कार्डावर त्याचं स्वतःचं छोटं लिनक्स चालायचं! मुख्य लिनक्समध्ये या कार्डांचे ड्रायव्हर आले ३.१३ या आवृत्तीत, २०१४ साली. आणि २०२० च्या शेवटी, ५.१० मध्ये, ते काढून टाकले. कार्डं काही एका रात्रीत बिघडली नव्हती. कंपनीनं ती बनवणं थांबवलं होतं, ड्रायव्हर सांभाळायला कुणी उरलं नव्हतं.

ती बातमी वाचली तेव्हा मला माझं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आठवलं. सगळं इंग्रजीत. वर्गात मी अशीच बसून असायचे. दिवाळीच्या सुट्टीत धाडला आले, तेव्हा आपल्या गणिताच्या सरांनी ओसरीवर बसवून त्याच पुस्तकातली गणितं मराठीत विचारली. सगळी सुटली. सर म्हणाले, “येतं की तुला!” सर, तुम्हाला ड्रायव्हर म्हटलं तर रागावू नका, पण माझे पहिले ड्रायव्हर तुम्ही.

आता जरा अवघड बोलते. माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगी बसायची. गणित माझ्याआधी तिचं सुटायचं. दहावीच्या निकालाआधीच तिचं लग्न झालं. आज ती इथे नाही. तिची कुवत माझ्यापेक्षा कमी नव्हती. तिच्यासाठी शब्द टाकणारं कुणी निघालं नाही. मीसुद्धा गप्प बसले.

म्हणून एक ठरवलं आहे. दर रविवारी सकाळी एक तास मी नववी-दहावीच्या मुलींना ऑनलाइन गणित शिकवीन. पण शाळेची खोली उघडायला, नेट बघायला आणि एखादी मुलगी यायची थांबली तर तिच्या घरी जायला गावातली माणसं हवीत. ड्रायव्हर एकदा लिहून भागत नाही, सिस्टीम बदलली की तोही बदलावा लागतो. तेव्हा एका दिवसाचा उत्साह नको, वर्षभराची पाळी लावू.

वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जेवणाआधी नाव लिहा.