मेस्त्रींचं बिल



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टरानं लेथ मशीनविषयी बोलावं, हे जरा विचित्र वाटेल. पण आपलं बेळगाव कारागिरांचंही गाव आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली इथंच सायकलींचं दुकान काढलं. कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर इथं घडले, आणि 1910 साली ते कुंडल रोडला गेले तेव्हा किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाचं काम मात्र बेळगावात राहिलं. उद्यमबागेत आजही ओतकामापासून कातकामापर्यंत सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं.

चिकोडी तालुक्यात आमची थोडी ऊसशेती आहे. एका उन्हाळ्यात विहिरीवरच्या पंपाचं बुश तिसऱ्यांदा गेलं. दुकानदार म्हणाला, हे मॉडेल बंद झालं, नवा पंप घ्या. ऊस वाळत होता. मी जुनं बुश घेऊन उद्यमबागेतल्या एका मेस्त्रींकडे गेलो. सातवी शिकलेले, छोटी शेड, एक जुना लेथ.

बुश हातात घेऊन ते म्हणाले, "हे एकाच बाजूनं खाल्लंय. दोष ह्याच्यात नाही. पंप चालू होताना आवाज कसा येतो?"

मी चमकलो. रोग्याला आम्ही असंच विचारतो.

मेस्त्री दुसऱ्या दिवशी शेतावर आले. कपलिंगवर पोलादी पट्टी धरून पाहिली. पाया एका अंगानं खचला होता, त्यामुळे मोटार आणि पंप एका रेषेत नव्हते. पत्र्याच्या पातळ पट्ट्या मोटारीखाली सरकवत, बोल्ट आवळत, पुन्हा सैल करत ते दोन तास बसले. दिवस मावळायला आला होता. आम्ही सूर्यास्तापूर्वी जेवणारे, त्यामुळे माझी चुळबुळ सुरू झाली. त्यांनी मान वर केली नाही. मग गनमेटलचं नवं बुश बसवलं आणि पंप चालू केला. थरथर गेली होती.

बिल सांगितल्यावर मी घासाघीस केली. म्हणालो, "मेस्त्री, पत्र्याचे चार तुकडे आणि एक बुश. जुगाडच तर आहे!"

ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या पुडीतली साखर कितीला पडते हो?"

मी पैसे दिले. पण आधी कमी करून घेतलेले शंभर परत दिले नाहीत, हे आज इथं कबूल करतो.

तेव्हापासून मला जुगाड हा शब्द खटकतो. कौतुकानं म्हणतो आपण, पण त्यात 'कसंबसं भागवलं' असा अर्थ दडलेला असतो. केसाएवढा फरक बोटांनी ओळखणं हे भागवणं नव्हे. आणि एकदा जुगाड म्हटलं की पैसे कमी द्यायला आपण मोकळे.

अशाच शंभर-शंभरांनी त्यांची शेड रिकामी होत गेली. हाताखालच्या पोराला ते चांगला पगार देऊ शकत नव्हते. आयटीआय केलेला शेवटचा मुलगा दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हात बसला होता त्याचा. अजून वर्षभरात त्याला आवाज कळला असता."

मेस्त्री आता सकाळीच काय ते चार तास लेथवर उभे राहतात. गुडघ्यांसाठी माझ्याकडे येतात. फी विचारतात, आणि सांगितली तेवढी ठेवून जातात.

पंप पुन्हा थरथरायला लागलाय. रविवारी मी त्यांना शेतावर नेणार आहे.