घोड्याच्या पाठीवरचं आभाळ



घोड्यांचा चित्रकार म्हटलं की आपल्याला हुसेन आठवतात. साहजिकच आहे, पंढरपुरात जन्मलेला माणूस. पण हुसेनांचा घोडा मनातून उधळलेला. आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे, त्या आल्फ्रेड मनिंग्जचा घोडा गाडीला जुंपलेला, घामेजलेला.

इंग्लंडच्या पूर्वेकडे सफोक परगण्यात, वेव्हनी नदीकाठच्या मेंडहॅम गावी १८७८ साली तो जन्मला. वडिलांची पिठाची गिरणी. धान्य यायचं, पीठ जायचं, ते घोड्यांच्या जिवावर. पोरगा त्यांच्यातच वाढला. चौदाव्या वर्षी नॉर्विचच्या लिथो छापखान्यात उमेदवारीला लागला. दिवसा जाहिराती, संध्याकाळी कलाशाळा. उमेदवारीची सहा वर्षं सरतात न सरतात तोच, कुत्र्याच्या पिल्लाला कुंपणापलीकडे उचलून देताना काटेरी फांदी लागली आणि उजवा डोळा गेला. पुढच्याच वर्षी, १८९९ साली, रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागली.

या माणसानं घोडा कसा पाहिला, ते थोडं जवळून बघू. खरारा करून चकाकणारा कुमेत घोडा उन्हात उभा करा. आपण म्हणतो, तांबडा. मनिंग्ज पाठीच्या वरच्या अंगावर निळसर करडा रंग लावतो, कारण तिथं आभाळ उतरलेलं असतं. पोटाखाली गवतावरून परतलेला उजेड असतो. खरा तांबडा उरतो तो मधल्या पट्ट्यात. असं बघायला शिकवणीपेक्षा तबेल्यात काढलेले दिवस जास्त कामाला येतात, असं माझं मत.

पुढे तो स्वतःची घोडी, तट्टं आणि गाडी घेऊन गावोगाव हिंडला. हॅम्पशरमध्ये हॉप्स या पिकाच्या तोडणीला येणाऱ्या जिप्सींच्या तळावर राहून त्यानं त्यांना रंगवलं.

पहिल्या महायुद्धात डोळ्यापायी सैन्यात घेतलं नाही. मग रेडिंगजवळ, फ्रान्सला पाठवायच्या घोड्यांच्या छावणीत तो कामाला लागला. १९१८ मध्ये कॅनडाच्या घोडदळाबरोबर चित्रकार म्हणून फ्रान्सला गेला. वॉरियर नावाच्या घोड्यावर बसलेले त्या घोडदळाचे प्रमुख जनरल सीली त्यानं आघाडीपासून फार दूर नसताना रंगवले. पण मला त्याची पाणी पिणारी, नुसती उभी असलेली घोडी जास्त आवडतात. घोडदळाच्या हल्ल्याचं चित्रही त्यानं काढलं, त्यात शौर्य आहे. या चित्रांत घोड्यांचा थकवा आहे, आणि तो ओळखायला गिरणीवाल्याचा पोर लागतो.

नंतर अमीर-उमरावांच्या फर्माइशी आल्या, पैसा आला, सर ही पदवी आली. त्यातली बरीच चित्रं मला गुळगुळीत वाटतात. न्यूमार्केटच्या शर्यतींची मात्र नाहीत. शर्यत सुटण्याआधीची चुळबुळ, जॉकींचे रंगीत सदरे, त्यामागे प्रचंड आभाळ, हे त्यानं पुन्हा पुन्हा काढलं.

अकादमीचा अध्यक्ष म्हणून १९४९ च्या मेजवानीत त्यानं पिकासो, मातीस यांच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. ते भाषण रेडिओवरून देशभर ऐकू गेलं. त्यापायी पुष्कळ लोक आजही त्याची चित्रं बघतच नाहीत. भाषण वाईट होतं, हे मान्य. घोडी त्यात सामील नव्हती.

डेडम इथलं त्याचं घर आता संग्रहालय आहे. लेक-जावई लंडनला असतील तर जाऊन या. कॅनडात असतील तर ऑटवाच्या युद्ध संग्रहालयात विचारा. युद्धातली चित्रं तिकडं आहेत.