कुशीवरचं पोहणं
(रौप्यमहोत्सवी ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



चिटणीसांनी "आरोग्यावर बोला" असं सांगितलं. माझा जन्म बँकेत गेला, त्यामुळे तो अधिकार माझा नाही. पोहण्यावर बोलतो, तेही एकाच प्रकारावर. साइड स्ट्रोक, म्हणजे कुशीवरचं पोहणं.

सत्तरीला टेकलो आणि मान धरली. डॉक्टर म्हणाले, "फ्रीस्टाइल बंद." ब्रेस्ट स्ट्रोकला गुडघे तयार नव्हते. गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं पोहणं आता सुटणार, या धास्तीने झोप उडाली. हिला वाटलं, पेन्शनचं काही अडलंय! शेवटी तलावावरच्या जीवरक्षकाने ही रीत शिकवली.

डाव्या कुशीवर आडवं व्हायचं. डावा हात पुढे लांब, उजवा मांडीवर. पुढच्या हाताने कैरी तोडायची, छातीपाशी दुसऱ्या हातात द्यायची, त्याने ती मांडीजवळच्या पिशवीत टाकायची. हात छातीशी येतात तेव्हा गुडघे दुमडतात. मग वरचा पाय पुढे, खालचा मागे, आणि कात्रीसारखे दोन्ही झपकन मिटायचे. त्यानंतर मात्र काही करायचं नाही, नुसतं सरकत राहायचं. (हा भाग मला फार आवडतो.) तोंड पाण्याबाहेरच असतं, त्यामुळे श्वासासाठी मान वळवावी लागत नाही. समोरचं नीट दिसत नाही, तेवढं सांभाळावं लागतं.

आज शर्यतीत हा प्रकार नाही. पण 19व्या शतकात इंग्लंडमध्ये लोक शर्यतीसुद्धा असेच पोहत. 1873 साली जॉन ट्रजन यांनी तिथे हात पाण्यावरून फेकायची पद्धत दाखवली, पुढे क्रॉल आला आणि हा प्रकार मागे पडला. जीवरक्षकांनी तो सोडला नाही, कारण एक हात बुडणाऱ्याला धरायला मोकळा राहतो. मुलांनो, हे ऐकून उडी मारू नका हं! बुडणारा माणूस मिठी मारतो, वाचवणाऱ्यालाही खाली नेतो. आधी ओरडून मोठ्यांना बोलवा. काठावरूनच दोरी, काठी, ओढणी, हाताला लागेल ते फेका.

सोमवार सोडून रोज सकाळी साडेसहाच्या बॅचला मी महापालिकेच्या तलावावर असतो. मान-गुडघेवाल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून जरूर यावं. टोपी सक्तीची आहे, टक्कल असलं तरी.