मागच्या बाकावरचा शब्द

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'आफ्रिकेतले अनुभव' सांगायला उभे केले आहे. सिंह-हत्ती मी फारसे पाहिले नाहीत. माझी नोकरी पंप बसवण्याची. म्हणून ऐकलेल्या शब्दांविषयी बोलतो.

नैरोबीत स्वाहिली शिकलो. माणसे म्हणजे 'वाटू', तीन म्हणजे 'टाटू'. पुढे हरारेला गेलो. तिथल्या शोना भाषेत माणसे 'वान्हू' आणि तीन पुन्हा 'टाटू'! नैरोबीपासून तीन हजार किलोमीटरवरच्या डर्बनला झुलूत माणसे 'अबांटू'.

याचे कारण एक फार जुने स्थलांतर. सुमारे ४ ते ५ हजार वर्षांपूर्वी आजच्या नायजेरिया-कॅमेरून सीमेजवळची माणसे हळूहळू पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे सरकू लागली. ही स्वारी नव्हती, कुणी सेनापती नव्हता. घर वाढले की काहीजण पुढच्या खोऱ्यात नवे शेत करीत. सोबत कोनफळासारखे कंद, तेलताड, मडकी. वाटेत लोखंड गाळण्याची विद्या आणि गुरेही आली. पिढ्यान्‌पिढ्या असे सरकत ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे पोचले. आज त्यांच्या कुळातल्या सुमारे ५०० भाषा आहेत. १९व्या शतकात विल्हेल्म ब्लीक या जर्मन अभ्यासकाने 'माणसे' या शब्दावरूनच त्यांना 'बांटू' हे नाव दिले.

पण ती जमीन रिकामी नव्हती. दक्षिणेत सान शिकारी आणि खोईखोई गुराखी होते. नवे आलेले संख्येने जास्त. जुन्यांपैकी काही दूर सरकले, काही सोयरिकीने मिसळले, आणि त्यांच्या कितीतरी भाषा संपल्या. तरी त्यांचा आवाज राहिला. बैल हाकताना आपण जीभ टाळ्याला लावून 'टॉक्' करतो ना, तसे आवाज खोसा आणि झुलू भाषेत अक्षरे म्हणून येतात. ते या जुन्या लोकांकडून आले. तिथे सुनेने सासरच्यांची नावे, त्या नावांसारखे शब्दसुद्धा उच्चारायचे नाहीत अशी रीत आहे. आपल्या आज्या नवऱ्याचे नाव घेत नसत, तसेच. मग पर्यायी शब्दांत हे आवाज शिरले, असे अभ्यासक मानतात. सुनांनी जपलेला हा ठेवा!

हे वाचले आणि मला आपला आठवीचा वर्ग आठवला. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, तेव्हा बीडकडच्या ऊसतोड कुटुंबातला एक मुलगा मागच्या बाकावर येऊन बसला होता. तो 'काय करायलास?' म्हणायचा आणि आपण खो खो हसायचो. सगळ्यांत मोठ्याने मी. त्याची नक्कल करता करता महिन्याभरात आख्खा वर्ग तसे बोलू लागला. होळीच्या आधी त्याची कोपी उठली आणि तो गेला.

आज सकाळी फाटकाशी भेटल्यावर तुम्ही मला पहिले काय विचारलेत? 'काय करायलास सध्या?' माझी मुलगीसुद्धा फोनवर तसेच विचारते. तिचा जन्म नैरोबीचा. बीड तिने पाहिलेले नाही.

त्याचा शब्द आपण ठेवून घेतला आणि त्याला मात्र हसून घालवले. आजच्या यादीत त्याचे नाव नाही, कारण पत्ता कुणाकडेच नाही. आपल्यापैकी कुणाला तो भेटला, तर माझ्या वतीने माफी मागा आणि पुढच्या मेळाव्याला घेऊन या. या वेळी त्याला पुढच्या बाकावर बसवू.