भाजल्याचे वण आणि लेसर उपचार : आशा व वास्तव



भाजण्याचे दुःख माणसाच्या वाट्याला दोनदा येते. पहिले दुःख रुग्णालयातील. त्या वेळी जिवाची चिंता असते, नातेवाईक धावून येतात, पैसा उभा राहतो. दुसरे दुःख जखम भरल्यानंतरचे. रुग्ण घरी येतो, भेटायला येणारे हळूहळू कमी होतात आणि त्याच सुमारास कातडीवर जाड, लाल, खाजणारा वण वर येऊ लागतो. हाताची मूठ वळत नाही, मान वर होत नाही, रात्री खाजेने झोप लागत नाही. शाळेत जाणारे मूल पूर्ण बाह्यांचाच सदरा मागू लागते. लग्नाच्या वयाची मुलगी समारंभाला जाणे टाळू लागते. या दुसऱ्या दुःखाकडे समाजाचे लक्ष क्वचितच जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात. त्यांतील जे वाचतात, त्यांच्यापैकी अनेकांना हे दुसरे दुःख आयुष्यभर सोसावे लागते.

वण म्हणजे काय?

निरोगी कातडी ही उत्तम विणीच्या वस्त्रासारखी असते. तिच्या आतल्या थरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे उभे, आडवे, तिरपे असे एकमेकांत गुंफलेले असतात. म्हणूनच ती ताणली जाते आणि पुन्हा पूर्ववत होते. खोल भाजल्यावर ही वीण नष्ट होते. शरीर मग घाईने रफू करते. धागे भरमसाट घातले जातात आणि ते एकाच दिशेने, गच्च. वस्त्र फाटलेले राहत नाही हे खरे. परंतु रफू केलेली जागा जाड, ताठ आणि आखडलेली राहते. सांध्यावर असा वण आला की सांधा ओढला जातो. खोल भाजलेल्या भागातील घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळेही नष्ट झालेली असतात. त्यामुळे अंगाचा मोठा भाग भाजलेल्या व्यक्तीला उन्हाळा असह्य होतो.

जी जखम भरण्यास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो, तिथे जाड वण येण्याचा धोका बराच वाढतो. वण पक्व होण्यास एक ते दोन वर्षे लागतात. या काळात घट्ट लवचीक कापडाचे दाबवस्त्र दिवसातून सुमारे तेवीस तास घालणे, सिलिकॉनची पट्टी लावणे, तेल वा मलमाने मालिश करणे, सांध्यांचा व्यायाम आणि आवश्यक तेथे स्टेरॉईडचे इंजेक्शन हे उपाय पूर्वीपासून चालत आले आहेत. ते आजही कालबाह्य झालेले नाहीत. लेसर हा त्यांच्या जोडीला आलेला नवा सहकारी आहे.

शोधाची वाटचाल

लेसरच्या मुळाशी असलेले तत्त्व आल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९१७ साली मांडले. प्रत्यक्ष लेसर किरण थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये अमेरिकेत माणकाच्या कांडीतून मिळवला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९६४ मध्ये, कार्बन डायऑक्साइड लेसरचा शोध लागला. भाजल्याच्या वणांवर आज ज्या लेसरचा फार मोठा उपयोग होतो, तो हाच. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्याचे जनक कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामती येथे झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते पुढील शिक्षणासाठी अमेरिकेस गेले आणि तेथील बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा शोध लावला.

तथापि किरण हाती आला म्हणून तो लगेच कातडीवर वापरता येत नव्हता. सभोवतालची कातडी न जाळता नेमक्या जागीच उष्णता कशी पोहोचवावी, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या बोस्टनच्या डॉक्टरांनी दिले. प्रकाशाचा रंग आणि त्याच्या झोताचा कालावधी अचूक निवडला, तर ज्या घटकावर काम करायचे तोच तापतो आणि शेजारचा भाग सुरक्षित राहतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे २००४ मध्ये अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले. सगळा पृष्ठभाग एकदम न तासता त्यावर केसाएवढ्या बारीक ठिपक्यांनी किरण सोडायचा आणि ठिपक्यांच्या मधली कातडी अबाधित ठेवायची. या ‘फ्रॅक्शनल’ पद्धतीने वणांच्या उपचारात मोठा बदल घडला. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत होरपळलेल्या अमेरिकी सैनिकांवर ती वापरली गेली आणि तेथील अनुभवातून तिचा प्रसार वाढला.

लेसर काम कसे करतो?

भाजल्याच्या वणांसाठी मुख्यत्वे दोन प्रकार वापरतात. पहिला पल्स्ड डाय लेसर. याचा पिवळा प्रकाश रक्तातील लाल द्रव्य शोषून घेते. वणातील अतिरिक्त सूक्ष्म रक्तवाहिन्या त्यामुळे बंद होतात. वण ताजा आणि लालभडक असताना याचा उपयोग अधिक. लाली उतरते आणि खाजही कमी होते.

दुसरा फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही. तो पाण्याकडून शोषला जातो, आणि कातडीच्या पेशींत पाणीच अधिक असल्यामुळे किरण पडेल तेवढ्या सूक्ष्म जागेची क्षणात वाफ होते. जाड वणात अशी शेकडो सूक्ष्म छिद्रे पडतात. खास यंत्रांनी ती काही मिलिमीटर खोलही जातात. मात्र एका वेळी वणाच्या पृष्ठभागाचा लहानसा हिस्साच, बहुधा दहा टक्क्यांहून कमी, छेदला जातो. भोवतालची शाबूत कातडी ही छिद्रे काही दिवसांत भरून काढते. भरताना जुने गच्च धागे काही प्रमाणात विरघळतात आणि नवे धागे निरोगी विणीच्या जवळ जाणारे येतात. घाईत झालेले रफू थोडे थोडे उसवून पुन्हा सावकाश घालावे, तसाच हा प्रकार आहे. छिद्रे ताजी असतानाच त्यांवर स्टेरॉईडचे औषध टाकले, तर ते खोलवर झिरपते; जाड वणांसाठी अनेक डॉक्टर ही जोड देतात.

उपचारापूर्वी बधिर करणारे मलम सुमारे तासभर लावून ठेवतात. लहान मुलांना किंवा मोठ्या वणांसाठी भूल द्यावी लागते. डोळ्यांवर संरक्षक आवरण घालणे अनिवार्य असते. नंतर काही दिवस लाली, सूज आणि खपल्या राहतात. साधारणपणे तीन ते सहा बैठका, दर दोन बैठकांमध्ये एक ते तीन महिन्यांचे अंतर, असा क्रम असतो. पूर्वी वण पक्व होईपर्यंत वर्षभर थांबत. आता जखम पूर्ण भरल्यावर काही महिन्यांतच उपचार सुरू करण्याकडे अनेक तज्ज्ञांचा कल आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या वणांनाही लाभ होऊ शकतो, हे विशेष.

जमा आणि खर्च

या उपचाराचा जमाखर्च प्रामाणिकपणे मांडणे आवश्यक आहे. जमेच्या बाजूस वण मऊ व सपाट होणे, ओढ सैल होऊन हालचाल सुधारणे, खाज आणि वेदना घटणे, लाली उतरणे. ज्याला घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता त्याला तो नेता आला, किंवा ज्याची रात्र खाजण्यात जात होती त्याला झोप लागली, तर हा लाभ चेहऱ्याच्या रूपापेक्षा कमी मोलाचा नाही.

दुसऱ्या बाजूसही तितक्याच स्पष्ट नोंदी आहेत. वण पूर्णपणे नाहीसा होत नाही. गेलेले केस आणि घामाच्या ग्रंथी परत येतील अशी हमी कोणी देऊ शकत नाही. सांधा पुरता आखडला असेल तर प्रथम शस्त्रक्रियाच करावी लागते. लेसर तिची जागा घेत नाही. भारतीयांच्या गव्हाळ-सावळ्या वर्णात लेसरनंतर काळे डाग पडण्याचा धोका गोऱ्या कातडीपेक्षा अधिक असतो. म्हणून किरणांची घनता कमी ठेवणे, उन्हापासून कटाक्षाने संरक्षण करणे आणि दोन बैठकांमध्ये पुरेसे अंतर राखणे महत्त्वाचे ठरते. जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि अननुभवी हातांत वण पूर्वीपेक्षा वाढूही शकतो. शास्त्रीय अभ्यासांचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. परंतु त्यांतील अनेक अभ्यास लहान आहेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

‘डाग शंभर टक्के नाहीसे’ अशी जाहिरात जिथे दिसेल, तिथून माघारी फिरावे. हताश झालेले आई-वडील अशा शब्दांवर दागिने गहाण टाकतात, आणि पदरी निराशा पडली की मुलाला चांगल्या डॉक्टरांकडे नेण्याची उमेदही उरत नाही. उपचार त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडूनच घ्यावा. सौंदर्यप्रसाधनगृहात कदापि नाही. लेसरचा प्रकार कोणता, बैठका किती, एकूण खर्च किती, आणि आमच्यासारख्या वर्णाच्या किती रुग्णांच्या भाजल्याच्या वणांवर आपण काम केले आहे, हे चार प्रश्न कुटुंबीयांनी निःसंकोच विचारावेत. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

वण येऊच नये म्हणून

सर्वांत स्वस्त उपचार म्हणजे न भाजणे. समाजातील अनेक घरांत पाणी उकळून पिण्याचा परिपाठ आहे. उकळत्या पाण्याचे पातेले ओट्याच्या आतल्या बाजूस, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही असे ठेवावे. शेगडीजवळ ओढणी वा पदर सुटा ठेवू नये. नायलॉन, पॉलिएस्टरसारखे कृत्रिम धाग्याचे कापड पेटल्यावर वितळते आणि कातडीला चिकटते, म्हणून स्वयंपाक करताना अंगासरशी बसणारे सुती वस्त्र बरे. भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटे साधे थंड वाहते पाणी सोडावे. बांगड्या, अंगठ्या सूज येण्याआधी काढाव्यात. चिकटलेले कापड ओढू नये. तूप, हळद, शाई, टूथपेस्ट, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. या वीस मिनिटांनी जखमेची खोली कमी होऊ शकते, आणि जखम जितकी उथळ, तितका वण कमी.

बंधू-भगिनींनो, भाजलेल्या व्यक्तीच्या रुग्णालयाच्या बिलासाठी समाज नेहमीच पुढे येतो. परंतु तिला खरी सोबत लागते ती त्यानंतरच्या दोन वर्षांत. दाबवस्त्रासाठी, व्यायामासाठी, लेसरच्या एकेका बैठकीसाठी शहरात येण्याजाण्यासाठी. ही मदत रकमेने लहान असते. मात्र ती वेळेवर आणि सातत्याने मिळावी लागते. आणि ज्या मदतीला एक पैसाही लागत नाही, तीही आहे. समारंभात अशी मुलगी किंवा असा मुलगा समोर आला, तर वणाकडे टक लावू नये, नजरही चुकवू नये. ‘हे कसे झाले?’ असे विचारण्याऐवजी ‘सध्या काय शिकतेस?’ असे विचारावे. लेसर वण मऊ करील. माणसांत पुन्हा वावरण्याचे बळ मात्र माणसांनीच द्यायचे आहे.