लाउरा चेरेताचे उत्तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



युरोपातील प्रबोधनकाळ म्हटला की पेत्रार्क, पिको, इरॅस्मस ही नावे पुढे येतात. जुने ग्रीक-लॅटिन ग्रंथ पुन्हा उघडून माणसाच्या बुद्धीची थोरवी सांगणारे हे पंडित. त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु 'माणूस' म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा पुरुषच उभा असे. फ्लॉरेन्सच्या लिओनार्दो ब्रूनीने एका सरदारघराण्यातील स्त्रीसाठी अभ्यास आखून दिला. धर्म, इतिहास, काव्य सारे त्यात घातले, वक्तृत्व मात्र वगळले. बायकांना सभेत बोलायचे कशाला? (मी इथे उभी राहून बोलते आहे, ब्रूनीसाहेबांनी क्षमा करावी.)

लाउरा चेरेता १४६९ साली ब्रेशियात जन्मली. भावंडांत थोरली. सातव्या वर्षी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात धाडली. तिथे अक्षरे शिकली आणि भरतकामही. पंधराव्या वर्षी एका व्यापाऱ्याशी लग्न झाले, आणि दीड वर्षात तो प्लेगने गेला. मूल नव्हते. दिवस घरच्या कामांत जाई. घर निजले की ती वाची, लिही, नाहीतर शालीवर हिंस्र श्वापदे भरी. त्या शालीचे वर्णन तिने पत्रात किती हौसेने केले आहे!

तिचे लॅटिन पाहून लोकांना नवल वाटे. बाप लिहून देत असेल, असेही म्हणत. १४८८ सालचे तिचे एक पत्र बिबोलो सेम्प्रोनी याच्या नावे आहे. त्याने तिला अलौकिक म्हणून वाखाणले होते. आपण असतो तर सुखावलो असतो. ती संतापली! तिच्या म्हणण्याचा आशय असा: मला एकटीला नवल ठरवून तुम्ही माझ्या साऱ्या स्त्रीजातीला मूर्ख ठरवता. बुद्धी निसर्गाने सर्वांना दिली आहे. विद्या येते ती निवडीने आणि कष्टाने. मग तिने प्राचीन काळापासून आपल्या काळातील इसोत्ता नोगारोला, कासांद्रा फेदेले यांच्यापर्यंत विदुषींची मालिकाच मांडली.

दागदागिन्यांतच रमणाऱ्या, शिकलेलीची टवाळी करणाऱ्या बायकांनाही तिने दुसऱ्या पत्रात सोडले नाही. हे पत्र आपल्याला जरा अधिक झोंबेल.

१४९९ साली, जेमतेम तिशीत, ती वारली. पत्रे छापली गेली १६४० साली, पादुआत. आणि तो सेम्प्रोनी? अभ्यासकांच्या मते ते नाव तिने कल्पिलेले असावे. 'बिबुलस' म्हणजे लॅटिनमध्ये दारूबाज!