डीसी लोकलची एक्क्याण्णव वर्षे

घोडबंदर रोडवर मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवलीच्या थांब्यांवर सकाळी टीएमटीची वाट पाहणाऱ्यांच्या मनात एकच हिशेब चालू असतो. स्टेशन गाठेपर्यंत फास्ट निघून जाईल का? कल्याणहून भरून आलेली पकडायची की ठाण्याहून सुटणारी? दर काही मिनिटांनी गाडी मिळणार, हे या हिशेबात गृहीतच धरलेले असते. हा भरवसा मुंबईला ज्या गाडीने दिला, ती म्हणजे डीसी, अर्थात एकदिश विजेवर धावणारी, लोकल.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. उद्घाटन मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी केले. डबे चार, ओव्हरहेड वायरमधला दाब १५०० व्होल्ट डीसी. इंग्लंडच्या कॅमेल लेअर्ड कारखान्याने बांधलेले डबे या पहिल्या ताफ्यात होते. १९२७ मध्ये मुख्य मार्गावर आठ डब्यांच्या गाड्या आल्या. १९३० पर्यंत वीज कल्याण ओलांडून, दोन्ही घाट चढून पुण्याला आणि इगतपुरीला पोचली होती.

वाफेच्या इंजिनाची अडचण वेगाची नव्हती. १६ एप्रिल १८५३ पासून बोरीबंदर ते ठाणे प्रवास वाफेवरच चालला होता. खरा वेळ जाई तो शेवटच्या स्टेशनात. इंजिन सोडायचे, पाणी भरायचे, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला आणून पुन्हा जोडायचे. तेवढा वेळ फलाट अडून राही. विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना केबिन. मोटरमनने एकीकडून उतरून दुसरीकडे बसायचे, की गाडी परतीला तयार. फलाट तेवढेच राहिले, पण त्यांवरून सुटणाऱ्या गाड्या वाढवता आल्या.

ही युक्ती अमेरिकन अभियंता फ्रँक स्प्रेग यांची. १८९७ मध्ये शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी त्यांनी अनेक मोटर डबे एकाच केबिनमधून चालवण्याची पद्धत बसवली. खुद्द ब्रिटनमध्ये याच धर्तीच्या हलक्या डिझेल गाड्या डर्बीच्या कारखान्यातून निघाल्या त्या १९५४ साली, आणि लीड्स-ब्रॅडफर्डकडच्या मार्गांवर त्यांनी वाफेच्या गाड्यांची जागा घेतली. तिथेही इंजिनाच्या अदलाबदलीत जाणारा वेळच वाचवायचा होता. वीज न पोचलेल्या मार्गांवर डिझेलने जे केले, ते मुंबईत विजेने त्याआधी जवळजवळ तीस वर्षे करून दाखवले होते.

केबिनमध्ये काय चाले, ते पाहण्यासारखे आहे. गार्डने दोन बेल दिल्या, मोटरमनने दोन देऊन उत्तर दिले, की कंट्रोलरचा हँडल पुढे सरके. सुरुवातीला मोटरी एकापाठोपाठ एक अशा जोडलेल्या आणि मध्ये रेझिस्टन्स. त्यामुळे वीज बेताने मिळे आणि गाडी झटका न देता हले. मग एकेक रेझिस्टन्स गळत जाई, मोटरी समांतर जोडल्या जात आणि वेग वाढे. हँडल मात्र सतत दाबून धरावा लागे. मोटरमनला भोवळ आली, हात सुटला, तर वीज तुटून ब्रेक लागत. हजारो माणसांचा जीव त्या एका तळहाताखाली असे.

पडद्यामागे ठाकुर्लीचे चोळा पॉवर हाऊस होते. रेल्वेने स्वतःच्या गाड्यांसाठी ते १९२९ मध्ये सुरू केले. कोळशावर चालणाऱ्या या केंद्राची झळ आणि मिळकत, दोन्ही डोंबिवली-कल्याणच्या रेल्वे कुटुंबांनी जवळून पाहिली. १९८०च्या दशकात ते बंद झाले.

पहिले डबे जुने होऊन गेले. पुढे कोलकात्याच्या जेसॉपने आणि पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने नवे रेक दिले, गाड्या नऊ आणि मग बारा डब्यांच्या झाल्या. बारा फुटांची रुंदी मात्र राहिली. आज डब्यात मधल्या जागेत जी गर्दी मावते, ती या रुंदीमुळे. १५०० व्होल्टही तसेच राहिले, आणि तेच पुढे अडचणीचे ठरले. तेवढ्याच शक्तीसाठी २५,००० व्होल्ट एसीच्या, म्हणजे प्रत्यावर्ती विजेच्या, सुमारे सतरापट करंट लागे. म्हणून वायर जाड आणि सबस्टेशने जवळजवळ. गाड्या वाढवायच्या, तर व्यवस्था बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते.

हा बदल चालू वाहतुकीत करायचा होता. दोन्ही दाबांवर चालणारे रेक आधी आणले गेले आणि मार्ग टप्प्याटप्प्याने एसीवर गेले. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग जून २०१५ मध्ये पूर्ण झाला. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बरवर कुर्ल्याहून सीएसटीकडे, म्हणजे पूर्वीच्या व्हिक्टोरिया टर्मिनसकडे, शेवटची डीसी लोकल धावली.

घोडबंदर रोडच्या खांबांवरची मेट्रो ४ याच घराण्यातली आहे. दोन्ही टोकांना केबिन, डब्यांखाली मोटरी, वर वायर. डीसीच्या काळातले मोटरमन, गार्ड आणि कारशेडचे फिटर आज ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये निवृत्तीचे आयुष्य जगत आहेत. त्यांच्याजवळच्या नोंदवह्या, छायाचित्रे आणि तोंडी आठवणी इथल्या ग्रंथालयांनी आणि व्याख्यानमालांनी आताच जमवायला हव्यात. सुरुवात याच सभागृहातून व्हावी, आणि ज्यांच्या घरी असे कुणी असेल त्यांनी व्याख्यानानंतर संयोजकांकडे नाव द्यावे, अशी मनापासून विनंती आहे.